खळं

माघाची थंडी ओसरायला लागते, रानातल्या ज्वारीच्या पानांवर पिवळेपण चढतं, आणि दिवसभर लख्ख असलेल्या आभाळावर संध्याकाळनंतर कुठून तरी एक पातळ दुधी पापुद्रा सरकत येतो. इतका पातळ, की त्यातून ठळक चांदण्या दिसत राहतात, फक्त त्यांचं टोकदारपण हरवतं. त्या पापुद्र्याआडून चंद्र वर चढत जातो, आणि मग नेमकं कोणत्या घटकेला ते कुणालाच सांगता येत नाही, पण त्याच्याभोवती, त्याच्यापासून खूप अंतर राखून, एक भलंथोरलं फिकट कडं उमटलेलं असतं. अंगणात वाकळा अंथरणाऱ्या बायकांतली एखादी सहज मान वर करते. "चंद्राला खळं पडलंय गं." बाकीच्याही हातातलं काम सोडून वर बघतात.

खळं पडलंय.

ऊन पडतं, चांदणं पडतं, दव पडतं, पाऊस पडतो. आपल्या बोलीत उजेडाच्या आणि पाण्याच्या साऱ्या गोष्टी वरून खाली येतात. खळं मात्र त्या वाटेनं उलटं गेलेलं आहे. ते आधी जमिनीवर होतं, मग आभाळात गेलं.

सीना नदीच्या खोऱ्यातल्या ज्या गावात माझं लहानपण गेलं, तिथं सुगीच्या तोंडावर आबा मळणीच्या खळ्यासाठी रानातली एक उंचवट्याची, वाऱ्याच्या तोंडावरची जागा धरायचे. तिथलं गवत, तण सगळं खरवडून काढायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, आणि ओल जिरत आली की त्या मातीवरून बैल फिरवायचे, गोल, पुन्हा गोल, माती दबून दबून एकजीव होईपर्यंत. मग शेणकाला. सारवलेलं खळं वाळलं की त्यावरून अनवाणी चालायची आम्हा पोरांना फार ओढ असे, कारण सभोवतालच्या साऱ्या रानात पायाला न टोचणारी तेवढीच एक जागा होती. तळव्यांना आधी गारवा लागायचा, मग शेणाचा किंचित खरखरीत, कोरडा स्पर्श, आणि टाच आपटली तर खालून भरीव, बंद आवाज यायचा. आबा तो आवाज ऐकूनच खळं झालं की नाही ते सांगायचे.

मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवलेला. त्याच्याभोवती मालदांडी ज्वारीची मोडलेली कणसं पसरायची आणि तिवड्याला बैलांची पात जोडायची. पातीतही क्रम असतो. तिवड्याला लागून म्हातारा बैल, कारण त्याला जागच्या जागी वळल्यासारखंच चालायचं असतं. आणि अगदी बाहेरच्या कडेला तरणाबांड, कारण तेवढ्याच वेळात सगळ्यात लांबचा फेरा त्याला पुरा करायचा असतो. एकाच दावणीचे बैल, एकच वर्तुळ, पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेली वाट वेगळी. आबा त्यांच्या मागून चालायचे. हातातला आसूड उगाच हातात असायचा, तोंडानं मात्र एक हलकासा हुंकार चालू, ज्यात शब्द नव्हते आणि जो बैलांना पुरत होता. खुरांखाली कणसं आधी कुरकुरायची, मग मऊ व्हायची, मग दाणा सुटायला लागायचा आणि आवाज बदलायचा. जाडसर वाळूवरून कुणी चालत असावं, तसा.

काम रेटलं की पात रात्रीही चालायची. कडब्याच्या गंजीला टेकून आम्ही बसलेलो, अंगाला कुसळ लागून खाज सुटलेली, डोळ्यांवर झोप. खाली बैलांचा फेरा, आणि कधी वर बघितलं तर तिथंही तेच. तिवड्याच्या जागी चंद्र आणि त्याच्याभोवती मळून मळून गुळगुळीत झालेली एक वाट. तिच्यावरून कोण फिरून गेलं असेल?

या प्रश्नाला सोबत फार जुनी आहे हे मला कितीतरी उशिरा कळलं. ग्रीक लोकांचा 'हालोस' हा शब्द मूळचा मळणीच्या जागेचा. डोंगरकड्यावरची, वाऱ्याला सामोरी, गोल, पुष्कळदा दगडी फरशी बसवलेली जागा; तिथं बैल आणि खेचरं फिरायची, गहू आणि सातू सुटायचे. तोच शब्द त्यांनी सूर्यचंद्राच्या बिंबाला दिला आणि बिंबाभोवतीच्या कड्यालाही दिला. ॲरिस्टॉटलनं आभाळातल्या घडामोडींवर लिहिताना या कड्याचा ऊहापोह केला. पहिल्या शतकात रोमच्या सेनेकानं नोंदवून ठेवलं, की धान्य मळायच्या जागा बहुधा गोल असतात म्हणून ग्रीकांनी या तेजाला खळं म्हटलं. आपण लॅटिनमध्ये याला मुकुट, म्हणजे 'कोरोना', म्हणू शकतो, असंही त्यानं लिहिलं. पुढं सोळाव्या शतकात तो ग्रीक शब्द 'हेलो' होऊन इंग्रजीत शिरला तेव्हाही आभाळातल्या कड्यासाठीच शिरला. संतांच्या मस्तकामागं जाऊन बसायला त्याला सतरावं शतक उजाडावं लागलं.

हालोस आणि खळं यांची नाती जुळवायचा मला मोह नाही. आपला शब्द संस्कृत 'खल' या शब्दाचा, ऋग्वेदाइतका जुना, आणि तोही मळणीच्याच जागेचा. मला भुरळ पडते ती दुसऱ्याच गोष्टीची. एजियन समुद्राकाठच्या कुठल्या तरी टेकाडावर आणि सीनेसारख्या कुठल्या तरी नदीकाठच्या काळ्या रानात, एकमेकांची गंधवार्ता नसलेली दोन माणसं दिवसभर बैलांमागं गोल फिरून रात्री पाठ टेकतात, वर बघतात, आणि दोघांच्याही तोंडी एकच शब्द येतो. राजाचा मुकुट त्यांना आठवत नाही. देवाचं सिंहासन आठवत नाही. पायाखालची जागा आठवते.

संस्कृत पंडितांनी या कड्याला 'परिवेष' म्हटलं. सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिरानं आपल्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि सांगितलं, की विरळ ढगांच्या आभाळात सूर्यचंद्राचे किरण वाऱ्यानं गोलाकार होतात, तोच परिवेष. शब्द देखणा आहे, आणि वाऱ्याच्या हातून किरण वळवून घेण्याची ती कल्पनाही. पण गावातल्या कुणी कधी "परिवेष पडलाय" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि भागवताच्या पाचव्या स्कंधात तर पंडितांचं आभाळही पुन्हा रानातच येऊन टेकतं. तिथं ध्रुव म्हणजे खळ्यातला मधला खांब. त्याला जुंपलेली जनावरं जशी आत, मध्ये आणि बाहेर आपापल्या जागी फिरत राहतात, तसे सारे ग्रह आणि नक्षत्रं काळाच्या दोरीनं त्याच्याभोवती फिरतात. ते वाचलं त्या दिवशी मला आमचा तिवड्यालगतचा म्हातारा बैल आठवला. विश्वाच्या रचनेत त्याची जागा ठरलेली होती, आणि त्याच्या शेजारी, थोड्या लांब फेऱ्यावर, कुणी एक तारा चालत होता.

आभाळातलं खळं कशाचं होतं हे आता ठाऊक झालं आहे. आणि ते कळल्यानं त्याचं नवल उणावलं नाही, उलट माझ्यापुरतं तरी वाढलं. तो दुधी पापुद्रा म्हणजे सहाएक किलोमीटरहून उंचावरचे बर्फाचे ढग. खाली सोलापूरकडची भुई भेगाळलेली, पारा चाळीस अंशांकडं झेपावणारा, आणि माथ्यावर त्याच वेळी बर्फाचे सहा बाजूंचे कण, असंख्य, सावकाश खाली येणारे. प्रत्येक कण म्हणजे एक लोलक. चंद्राचा किरण त्याच्या एका बाजूनं आत शिरतो, एक बाजू सोडून पुढच्या बाजूनं बाहेर पडतो, आणि या प्रवासात निदान 22 अंशांनी वळतो. त्याहून कमी तो वळूच शकत नाही. म्हणून कड्याच्या आतली कडा रेखीव, किंचित तांबूस असते आणि बाहेरची विरत, सांडत जाणारी. आणि म्हणूनच कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा गडद दिसतं. कधी मुद्दाम बघावं. चंद्राच्या सगळ्यात जवळची जागाच अंधारी असते. उजेड जातो तो दूर, कडेला, जिथं तरणा बैल चालतो.

हे कडं मोजायला काही लागत नाही. हात पुरता लांब करायचा, पंजा ताणायचा, अंगठा चंद्रावर टेकवायचा. करंगळी साधारण कड्यावर जाते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत 44 अंश, म्हणजे एकाला एक लावून 88 चंद्र मांडता येतील एवढं आवार. जो पोटभर बघतो त्याला ते मोठेपण दडपून टाकतं. धुक्याच्या, ओलसर ढगांच्या रात्री चंद्राला अगदी चिकटून जे लहानसं रंगीत वलय दिसतं ते वेगळं. ते पाण्याच्या थेंबांचं, हे बर्फाचं. आमच्या आत्या दोन्हींना खळंच म्हणायच्या, पण फरक त्यांना पक्का माहीत होता: खळं लांब पडलं तर पाऊस जवळ, जवळ पडलं तर पाऊस लांब. फाल्गुनात लांबचं खळं दिसलं की त्या रात्रीच रास झाकायची घाई उठायची, कारण अवकाळीनं भिजलेली ज्वारी काळी पडते आणि काळ्या ज्वारीला बाजारात कुणी विचारत नाही. त्या घाईत आभाळाचं कौतुक करायला कुणाला वेळ होता? तरी ताडपत्री ओढता ओढता बघणारे बघून घ्यायचेच.

आणखी एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. ज्या कणांतून वळून किरण माझ्या डोळ्यांत येतो, ते कण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं खळं घडवत नाहीत. त्याच्या डोळ्यांशी येणारा किरण दुसऱ्याच कणांतून आलेला असतो. चंद्र एक, ढग एक, आणि अंगणात जितके डोळे तितकी खळी. शिवाय कण जागेवर थांबलेले नसतात. ते पडत असतात, विरत असतात, वाऱ्यानं पांगत असतात, आणि गेलेल्याच्या जागी दुसरा येऊन तेवढंच वळण पार पाडतो. कडं मात्र स्थिर. एक बैल गेला, दुसरा जुंपला, आजोबांमागून वडील, वडिलांमागून चुलते, आणि वाट तीच.

देवाच्या पाठीमागचं तसलंच कडं, म्हणजे देवळातली प्रभावळ, मी जवळून बघितली ती गावच्या विठ्ठल मंदिरात, आषाढीआधी भांडी घासायला बायका जमायच्या तेव्हा. एरवी ती देवाच्या पाठीशी, गाभाऱ्याच्या अंधारात, समईच्या उजेडावर जगणारी. त्या दिवशी तिला बाहेर ओट्यावर आणत. तिच्या दोन पायांच्या खुंट्या सिंहासनाच्या भोकांतून ओढून काढताना कर्र असा आवाज होई. वर कीर्तिमुखाचे वटारलेले डोळे, खाली दोन्हीकडं मकर, त्यांच्या तोंडातून निघून वर चढत गेलेली वेल. चिंचेचा कोळ आणि राखेनं ती घासताना हिरवट काळिमा बोटांच्या पेरांत जायचा आणि पितळ हळूहळू पिवळंधमक होत यायचं. आजीनं एकदा ती उलटी करून माझ्यापुढं धरली. मागच्या बाजूला ना वेल होती ना मकर. होते ते नुसते खळगे. हातोडीनं, छिन्नीनं, राळेवर पालथा घातलेला पत्रा ठोकून ठोकून उमटवलेले. पुढून जिथं पान उमललं होतं, तिथं मागून घाव होता. एकही पान घावाशिवाय नव्हतं. आजीनं त्या खळग्यांतून चिंध्यांचा बोळा फिरवला, तितक्याच निगुतीनं, जितक्या निगुतीनं पुढची बाजू घासली होती. ती बाजू कुणी बघणार नव्हतं.

या देशात मस्तकामागचं तेज फार मागं जातं. दुसऱ्या शतकातल्या कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर बुद्ध उभा आहे, डोक्याभोवती वलय घेऊन. मुघल चित्रांत सतराव्या शतकात जहांगिराच्या पगडीमागं सोनेरी तबक उगवतं. मग छापखाने आले, कॅलेंडरं आली, आणि संतांच्या, देवांच्या, पुढाऱ्यांच्याही डोक्यामागं पिवळी वर्तुळं घरोघर खिळ्याला लटकली. इतक्या वर्तुळांपुढं माझं मन फारसं हलत नाही. माणसाच्या डोक्याभोवती तेज मी एकदाच डोळ्यांनी बघितलं, आणि ते उपणणीच्या वेळी.

दुपार कलली की पश्चिमेचा वारा धरायचा. आबा तिवईवर चढायचे, आजी खालून सूप भरून द्यायची, आबा ते डोक्याच्या वर उचलून हळूहळू ओतायचे. दाणा सरळ पायाशी पडायचा, भूस वाऱ्यावर लांब जायचं, आणि त्या दोहोंच्या मध्ये, धड दाणाही नाही आणि धड भूसही नाही असा, कोंड्याचा एक बारीक, चमकता धुरळा तरंगत राहायचा. आजी राशीवरचं फोल झाडणीनं अलगद बाजूला सारत खाली वाकलेली असायची. एकदा सूर्य माळाच्या कडेला टेकला, उजेड आडवा झाला, आणि तो सगळा धुरळा पेटला. आजीचं डोकं, पदर, तिच्या झाडणीचा प्रत्येक फटकारा त्या सोनेरी रजात बुडाला; कण पडत होते, नवे येत होते, आणि तिच्याभोवतीचं तेज जागचं हलत नव्हतं. ती खोकली. पदरानं डोळे पुसले. "ओता की," म्हणाली.

वारीतलं रिंगण बघायला उभं राहिलं की मला खळ्याचाच भास होतो. खुडूसला, पालखीभोवती पताकावाले, मग तुळशीवृंदावनं घेतलेल्या बाया, टाळकरी, वीणेकरी, साऱ्यांनी धरलेलं वर्तुळ. मधून दौडत जाणारा माउलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर कुणी नसतं. त्याच्या टापांनी दबलेली माती लोक उचलतात, कपाळाला लावतात, पदराच्या गाठीत बांधून नेतात. काल ते साधं रान होतं, परवा पुन्हा रानच असेल. इतक्या पायांनी ते एकदा गोल तुडवलं, एवढंच काय ते झालेलं असतं.

आता आमच्याकडं खळी होत नाहीत. मळणीयंत्र येतं, ट्रॅक्टरला पट्टा जोडतात, दोन तासांत रास पडते, आणि आबांच्या पाठीला, बैलांच्या मानेला जे सोसावं लागलं ते आठवलं की यंत्राला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. धान्य बांधावरच पोत्यांत जातं. खळ्यावर येऊन आपला वाटा नेणारे बलुतेदार केव्हाच थांबले. काही जण डांबरी रस्त्यावर कणसं पसरतात आणि जाणाऱ्या गाड्यांची चाकं मळणी करतात. उंचवट्यावरची ती गोल जागा नांगरटीत गेली. तिवडा, पात, मातेरं, हे शब्द ज्यांच्या तोंडी होते ती माणसंही. पण पोरं अजून गच्चीवर झोपतात, अजून कुणी तरी म्हणतं चंद्राला खळं पडलंय, आणि म्हणणाऱ्याला त्या शब्दाखालची जमीन ठाऊक नसते. खळं आता फक्त आभाळात राहायला गेलं आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

जगात त्या ग्रीक खळ्याचे मुक्काम मात्र वाढत गेले. 1920 मध्ये थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं ते नाव माणसाच्या एका मोहाला दिलं: एका गुणाच्या झगमगाटात उरलेले गुणही झगमगीत दिसू लागतात. 2018 पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांत चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमचं एक कडं बसवतात, त्यालाही हेलोच म्हणतात. 2020 च्या नोव्हेंबरात बहारीनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली, पेटली, आणि त्या ज्वाळांतून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्या कड्यानं त्याचं डोकं राखलं होतं. मस्तकामागच्या साऱ्या चितारलेल्या वलयांपेक्षा मला हे ओबडधोबड कडं आपलं वाटतं. त्याला काम आहे.

आणि मग एका दसऱ्यानंतर सिंधुदुर्गात गेले होते. तिथं घरापुढच्या अंगणालाच खळं म्हणतात. भाताची झोडणी तिथंच, पाहुणा आला की त्याला बसायला तिथंच, शिमग्यात देवाची पालखी नाचते तीही तिथंच. पावसाळ्याचे चार महिने त्यावर गुडघाभर गवत माजतं, शेवाळ धरतं, माती वाहून जाते. आणि पाऊस उघडला की दर वर्षी ते नव्यानं करावं लागतं. गेले त्या दिवशी वाडीतली माणसं एका घरी जमली होती. गवत निघालं होतं, तांबडी माती पसरली होती, पाणी शिंपडून झालं होतं. ओळीनं उकिडवे बसून, हातात लाकडी चोपणी घेऊन, सगळे माती चोपत मागं मागं सरकत होते. धप्, धप्, धप्. बोलणं चालूच. मधूनच कुणाचं तरी हसू, कुणाला तरी शिवी, आतून चहाची हाक. घरची म्हातारी पायरीवर बसून डोळे बारीक करून बघत होती, आणि मध्येच उठून आली, कडेच्या एका जागी टाच आपटली, कान दिला.

"हय पोकळ लागता," ती म्हणाली. दोघं जण उठून त्या कडेला गेले. तुळशीच्या लग्नाआधी खळं वाळायला हवं होतं, आणि त्याच आठवड्यात वाडीतली आणखी बरीच खळी व्हायची होती.